पराग्वेतला हिस्सा आणि हिराबाईंची सही

अन्याय झाला तो हिराबाई भोईर यांच्यावर. गेल्या भाऊबीजेला, दुपारी पावणेबारा वाजता, कल्याण-शीळ रस्त्याच्या आत उभ्या असलेल्या एका टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर. हिराबाईंनी धाकट्या भावाला, जनार्दनला, ओवाळलं. जनार्दनने ओवाळणी म्हणून ताटात एक हिरवट, लॅमिनेट केलेला कागद ठेवला आणि म्हणाला, "बाय, यो तुजा हिस्सा. आता हितल्या जमिनीवर सही दे."

तो हिस्सा पराग्वेमध्ये होता. पराग्वे दक्षिण अमेरिकेत आहे. हिराबाईंचं सासर डोंबिवली पश्चिमेला, कोपरला. आजवरचा त्यांचा सगळ्यात लांबचा प्रवास जेजुरी.

चौथ्या दिवशी त्या आमच्या ऑफिसात आल्या. ऑफिस ठाण्यात खोपटला, एसटी डेपोजवळच्या गल्लीत, झेरॉक्सवाल्याच्या वर. 'ग्राहक मदत केंद्र' असा बोर्ड आहे. मी तिथे कागद वाचते. लोकांनी सही केलेले किंवा करायला निघालेले करार वाचायचे, त्यात काय लिहिलंय ते त्यांना सरळ सांगायचं, तक्रार लिहायची, आणि गरज पडली तर पत्रक छापून वाटायचं. पाच वर्षं हेच करतेय. पत्रक लिहायला मला सगळ्यात जास्त आवडतं. हे आधीच सांगते, कारण या प्रकरणात माझ्या पत्रकानेच घोळ घातला.

हिराबाईंनी पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवला. "पोरी, मना खरा सांग. ही जमीन हाय का नाय?"

कागद बघून मला आधी हसू आलं आणि लगेच डोकं फिरलं. तो सातबारा होता. म्हणजे सातबाऱ्यासारखा. खरा सातबारा हा जमिनीचा सरकारी उतारा असतो. जमीन कोणाची, किती, तिच्यात काय पिकतं, ते त्यावर लिहिलेलं असतं. ज्यांच्या जमिनी होत्या त्या इथल्या घरांत सातबाऱ्यावर नाव असण्याला काय किंमत आहे, हे फ्लॅटमध्ये वाढलेल्यांना समजणार नाही. पराग्वेतल्या रँचचे, म्हणजे गुरांच्या मोठ्या चराऊ शेताचे, हिस्से विकणाऱ्या कंपनीला ते बरोबर समजलेलं. रकाने तसेच छापलेले. गाव : चाको. भोगवटादाराचे नाव : हिराबाई. पिकाचे नाव : गवत. जलसिंचनाचे साधन : पवनचक्की. आणि खाली कोपऱ्यात, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरात : हे स्मरणचिन्ह आहे, मालकीचा पुरावा नाही.

"मावशी, हा भिंतीवर लावायचा कागद आहे. जमिनीचा नाही."

"पन माजा नाव हाय ना त्याच्यावर."

"छापायचं म्हटलं तर माझंही नाव छापून देतील."

त्यांनी नावावरून बोट फिरवलं. "बापाच्या सातबाऱ्यावर माजा नाव यायला वीस वर्षा लागली. जनूने एका दिवसात आनला."



भावाला कसली सही हवी होती, तेही सांगते. हक्कसोडपत्र. वडिलांच्या जमिनीत मुलीचा हक्क मुलाएवढाच. तो तिने भावाच्या नावे सोडून दिला, तर त्या दस्ताला हक्कसोडपत्र म्हणतात. आपल्याकडे तो सोडायचा मोबदला ठरलेला असतो : एक साडी, आणि माहेरचं दार उघडं. कायद्याच्या पुस्तकात साडी नाही. घराघरात आहे. भावाबहिणीच्या नावावर मिळून शेवटचे अकरा गुंठे राहिलेले. बाकी सगळी रस्त्याला आणि टॉवरला गेली. हिराबाईंनी सही दिली की जनार्दन ते विकणार, आणि त्यातून रँचचे आणखी दोन हिस्से घेणार. एक स्वतःला, एक बहिणीला; तिचा कागद कंपनीने आधीच छापून दिलेला. एक हिस्सा त्याने आदल्या वर्षीच घेतलेला.

मी विचारलं, "भाऊ फसवतोय असं वाटतं का तुम्हाला?"

"जनू माजा भाव हाय. चोर नाय तो." आणि पिशवीतून जाडजूड फाईल काढली. "त्यानीच दिली. कुनाला पन दाखव बोलला."

फसवणारा माणूस फाईल देत नाही. हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

फाईल वाचायला दोन दिवस गेले. सगळं इंग्रजीत. जनार्दनकडे जे शेअर सर्टिफिकेट होतं, ते खरं होतं, पण एका बेटावर नोंदवलेल्या कंपनीचं. ती कंपनी पराग्वेतल्या दुसऱ्या कंपनीत भागीदार. आणि त्या दुसऱ्या कंपनीने रँच भाड्याने घेतलेली. सोपं करून सांगते. तुम्ही एका दुकानात भागीदारी घेतली. ते दुकान दुसऱ्या दुकानात भागीदार आहे. दुसरं दुकान भाड्याच्या गाळ्यात आहे. आता सांगा, गाळा तुमचा झाला का?

फाईलच्या तळाशी बँकेचा फॉर्म होता. परदेशात पैसे पाठवताना ते कशासाठी चाललेत, हे लिहून द्यावं लागतं. जनार्दनच्या सहीच्या वर, दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात, लिहिलेलं : पर्यटन. म्हणजे कागदोपत्री त्याने जमीन घेतलीच नव्हती. तो फिरायला चाललेला.

आमचे प्रमुख दळवी सर. बँकेतून रिटायर झालेले, शर्ट कायम इन केलेला. त्यांनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला. "रँच अस्तित्वात आहे का?"

"आहे. नकाशावर बघितली. फोटोही खरे आहेत."

"मग 'बोगस' हा शब्द वापरू नकोस."

"सर, याला दुसरा शब्द नाही."

"शोध. तेवढ्यासाठीच पगार देतो आपण."

दुसऱ्या दिवशी मी माजिवड्याला कंपनीच्या ऑफिसात गेलेले. काचेची बिल्डिंग, आत काऊबॉयची टोपी घालून फोटो काढायला एक कोपरा. मला भेटला तो सेल्समधला स्वप्नील. माणूस गोड. पाणी, कॉफी, खुर्ची, सगळं विचारून झालं.

"जमीन कोणाच्या नावावर आहे?"

"मॅडम, ओनरशिपकडे आपण थोडं ब्रॉडली बघूया."

"आधी नॅरो बघूया. नाव सांगा."

"लोकल पार्टनर आहेत आपले."

"त्यांची आहे?"

"त्यांच्याकडे लीजवर आहे."

"म्हणजे भाड्याने."

"लाँग टर्म, मॅडम."

"किती लाँग?"

"नऊ वर्षं. त्यातली चार झालीत. पण रिन्यू होतं. ऑलमोस्ट नेहमीच."

"आणि हे सातबारे?"

तो खुलला. "ते आमच्या मार्केटिंगने केलंय. ठाणे-कल्याण बेल्टसाठी स्पेशल. लोकांना कनेक्ट होतं ना."

कनेक्ट होतं! ज्या माणसांच्या सातबाऱ्यावरून एकेक गट नंबर गेला, त्यांना नकली सातबारा छापून दाखवायचा आणि त्याला कनेक्ट म्हणायचं. कंपनीचं नाव मी इथे लिहिलेलं होतं. तक्रार चालू आहे म्हणून दळवी सरांनी ते खोडलं.

मी तिथून निघाले ती तडक ऑफिसला. एका बैठकीत पत्रक लिहिलं. 'परदेशी रँचच्या नावाखाली भोळ्याभाबड्या भूमिपुत्रांची लूट!' उद्गारचिन्ह मीच टाकलं. खालच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रती काढल्या आणि रविवारी हिराबाईंना घेऊन जनार्दनच्या घरी गेले.

जनार्दन पंचावन्नचा असेल. उंच, खांद्यातून थोडा वाकलेला, हात मोठे. त्या हॉलमध्ये ते हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नसावं असं सारखं वाटत होतं. दाराशी गमबूट होते. कोरे, स्टिकरसकट. त्याने मला आधी बाल्कनीत नेलं. "आपली दुसरी लिफ्ट खाली जितं उतरते ना? तितं माजा गोठा व्हता. बारा म्हशी." मग टीव्हीवर रँचचा व्हिडिओ लावला. पांढऱ्या गाईंचा कळप धूळ उडवत येत होता. त्याने तो थांबवला आणि स्क्रीनवर बोट ठेवलं.

"यो बग वशिंड. बगितलास? आपलीच जात हाय ती. आपल्याकडशीच गेलेली कवातरी."

हे मी नंतर तपासलं. खरं आहे. तिकडची ती पांढरी जनावरं मूळची आपल्याकडच्या गाईंच्या वंशातली आहेत. कंपनीने सांगितलेल्या सगळ्या गोष्टींत एवढी एक निखळ खरी होती, आणि नेमका तिच्यावर त्याने विश्वास टाकलेला.

"हिस्सा घेतला का वर्साला सा हप्ते तितं ऱ्हायचा," तो म्हणाला. "गुरा हाकायची, पानी दाखवायचा. पासपोट आला माजा. बायला पन नेनार हाय."

"मना कशाला रे," हिराबाई म्हणाल्या. "मी विमानात बसली तं माजा बीपी उतरायचा नाय."

दोघं हसली. सगळं छान चाललेलं. आणि मी पत्रक काढून त्याच्या हातात दिलं.

त्याने ते सावकाश, ओठ हलवत वाचलं. मग मान वर केली. "भोले कोन? मी?"

"तसं नाही काका, सर्वसाधारण..."

"सगल्यांनी माजी जमीन कागदावरशीच नेली. रस्त्याला गेली, कागद आला. टॉवरला गेली, कागद आला. पयल्यांदा कागद आला नि जमीन मिलली. त्यो पन खोटा बोलतेस?"

माझ्याकडे उत्तर होतं, ते मी लगेच दिलं. "हो. खोटा."

त्याने टीव्ही बंद केला. "बाय, हिला खाली सोडून ये."

हिराबाई माझ्याबरोबर लिफ्टमध्ये शिरल्या. ती तीच दुसरी लिफ्ट होती, हे अर्ध्यात माझ्या लक्षात आलं. खाली आल्यावर म्हणाल्या, "मी सही देनार हाय. बेस्तरवारी कल्यानला."

"मावशी, सगळं समजून? ही शेवटची जमीन आहे तुमची."

"दार बंद झाला त्याचा, तं भाऊबीजेला जाऊ कुनाकडं? तुज्या हापिसात येऊ ताट घेऊन?"

दळवी सरांना सांगितलं. मला वाटलेलं ते म्हणतील, स्टे आण, नोटीस पाठव, काहीतरी कर. ते म्हणाले, "आपण सल्ला देतो. हात धरत नाही."

"मग आपण आहोत कशाला?"

"तिने सही करायच्या आधी तिला काय लिहिलंय ते ऐकू गेलं पाहिजे. त्यासाठी आहोत. आणि या वेळी पत्रक घरी ठेव."

मी हिराबाईंना फोन करून एवढंच मागितलं. सही करा, पण त्याआधी दस्त तुमच्यासमोर मोठ्याने वाचला गेला पाहिजे. पूर्ण. त्या म्हणाल्या, "तूच वाच मंग. वकिलाची घाई असते."

गुरुवारी कल्याणला नोंदणी ऑफिसात गर्दी होती. दस्त नोंदवायचा म्हणजे टोकन घ्यायचं, नंबर आला की आत जाऊन अंगठा आणि फोटो द्यायचा, दोन साक्षीदारांनी सह्या करायच्या. आमचा नंबर चौतीस. जनार्दन इस्त्रीचा सदरा घालून आलेला, हातात साडीच्या दुकानाची पिशवी. स्वप्नील 'सपोर्टला' आलेला. साक्षीदार म्हणून जनार्दनच्या टॉवरमधले दोघे शेजारी होते. दस्तात काय आहे, असं मी त्यातल्या एकाला विचारलं. तो म्हणाला, "फॅमिली मॅटर आहे ना, आपण कशाला वाचायचं? नंतर मिसळ खायला चाललोय."

बाकावर बसून मी वाचायला सुरुवात केली. जनार्दन माझ्याकडे बघत नव्हता. "वाच लवकर," एवढंच म्हणाला.

नावं झाली, वय झालं, गट नंबर झाला. मग आली चतुःसीमा. जमिनीच्या प्रत्येक दस्तात ही असते : चार दिशांना लागून कोणाचं काय आहे.

"पूर्वेस बाळाराम गोमा यांची मिळकत..."

"बालाराम कुटं हाय आता," हिराबाई म्हणाल्या. "त्याचे पोरगे लाव."

"पश्चिमेस गावरस्ता. दक्षिणेस ओढा..."

"वहाल," जनार्दन मध्येच म्हणाला. "ओढा कोन बोलतं त्याला?"

"उत्तरेस गुरचरण."

"आनि दगड?" हिराबाई. "आबांनी रोवलेला दगड त्या अंगाला हाय ना?"

"त्या अंगाला कुटं, बाय! वहालाच्या कोपऱ्यावर. तूच पडलेलीस त्याच्यावर, डोला फुटता फुटता वाचला."

"मी नाय, तू पडलेलास. मी उचलून नेला तुला."

यावर दोघांचं भांडण लागलं. डोळा कोणाचा, दगड कुठे. साक्षीदार घड्याळ बघायला लागले. आतून सत्तावीस नंबर पुकारला. आणि मग हिराबाईंनी, भांडता भांडताच, सहज विचारलं, "बरा जनू, आता माज्या तिकडच्या जमिनीचा सांग. पूर्वेला कोन हाय?"

त्यांच्या आवाजात खोच नव्हती. जमीन मिळणार म्हटल्यावर बाई पहिलं हेच विचारणार होती.

 जनार्दन स्वप्नीलकडे वळला. "पूर्वेला कोन रे?"

"काका, तिकडे असं प्लॉट-प्लॉट नसतं. ओपन आहे सगळं."

"ओपन तरी कुनाचा?"

"ते मी कन्फर्म करून सांगतो."

"पश्चिमेला?"

"लोकेशन पाठवतो ना काका, व्हॉट्सअॅपवर."

"उत्तरेला?"

"नॉर्थला व्ह्यू आहे."

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. जनार्दन हसला नाही. तो गुरांचा माणूस. त्याने शांतपणे विचारलं, "मंग माजी गुरा शेजाऱ्याच्या शेतात शिरली, तं भांडायचा कुनाशी?"

"काका, गुरं आपली नाहीत. गुरं पार्टनरची आहेत. आपला शेअर आहे."

मी गप्प होते. आयुष्यात पहिल्यांदा मुद्दा माझ्या बाजूने चाललेला असताना गप्प होते. 

"जमीन भाड्याची," जनार्दन म्हणाला. बोटं मोजत होता. "गुरा दुसऱ्याची. शेजारी मायीत नाय." माझ्याकडे वळला. "फाईलीत हाय ह्या सगला?"

"आहे, काका. बाविसाव्या पानावर."

"त्या दिवशी ह्या का नाय सांगलास? भोला-भोला काय लिवत बसलीस?"

 

आतून शिपाई ओरडला. "चौतीस! चौतीस नंबर कोण?"

हिराबाई उठल्या. त्या सही द्यायला खरोखरच तयार होत्या. पदर सारखा केला, पिशवीतून आधार कार्ड काढलं. जनार्दन बसूनच राहिला.

"चौतीस!"

"पुढचा घ्या," जनार्दन म्हणाला.

"काका, टोकन वाया जाईल," स्वप्नील.

"जाऊं दे. तू पन जा."

साक्षीदारांपैकी एकाने विचारलं, "म्हणजे आमचं काम नाही ना आता?"

अकरा गुंठे आजही दोघांच्या नावावर आहेत. हक्कसोडपत्र झालं नाही. जनार्दनने आदल्या वर्षी घेतलेल्या हिश्श्याची आम्ही तक्रार केली. कंपनीने उत्तर दिलं की ग्राहकाने पर्यटनाचं उत्पादन घेतलेलं आहे, बँकेचा फॉर्म पाहावा. फॉर्म त्यांच्याच माणसाने भरलेला, हे आम्ही लिहिलं. ते सिद्ध कसं करायचं, यावर अडकलंय. दळवी सरांच्या मते वेळ लागेल आणि बहुतेक काही हाती लागणार नाही. जनार्दन म्हणतो, फुकट कशाला घालवू, जाऊन येतो सहा आठवडे, जनावरं तरी बघेन. मी त्याला जाऊ नका म्हटलं नाही.

बहिणीशी तो दीड महिना बोलला नाही. भर ऑफिसात हसू झालं, ते तिच्या प्रश्नामुळे झालं, असं त्याच्या मनात होतं. मग तिच्या नातीच्या हळदीला आला, पोटभर जेवला, दगड कुठे आहे यावर पुन्हा भांडला आणि गेला. हिराबाई मला फोनवर सांगत होत्या तेव्हा इतक्या खूश होत्या की मी तक्रारीचं विचारायचं विसरले.

मी यातून शिकले ते एवढंच : ज्याच्यासाठी भांडतोय त्याला भोळा म्हणायचं नाही. तो भोळा नसतो. त्याला कोणी वाचून दाखवलेलं नसतं.

पण ते दोन साक्षीदार माझ्या डोक्यातून जात नाहीत. वाईट माणसं नव्हती. शेजारधर्म म्हणून आलेली. टोकन पुकारल्यावर सगळे आत गेले असते, तर त्यांनी दोन मिनिटांत सह्या ठोकल्या असत्या आणि एका बाईचं शेवटचं शेत त्यांना न कळताच गेलं असतं. मिसळ गरम असतानाच.

आता तुम्ही. होय, हे वाचणारे तुम्हीच. तुम्ही कधी ना कधी असे साक्षीदार झालेले आहात. मित्राच्या फ्लॅटला, मामाच्या वाटणीला, शेजाऱ्याच्या बहिणीच्या हक्कसोडीला. काय वाचलेलंत तेव्हा? पुढच्या वेळी कोणी 'फक्त सही हवी' म्हणून बोलावलं, तर जा, पण पेन उघडू नका. जिची जमीन जाणार आहे तिला समोर बसवा. दस्त तिच्या भाषेत, मोठ्याने, शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला लावा. कोणी वाचत नसेल तर तुम्ही वाचा. तिने 'कळलं' म्हटल्याशिवाय सही करू नका. घाई कोणालाही असू दे, करू नका.